कॉपी केलेला आधीचा मजकूर परत कसा मिळवावा

कंट्रोल आणि सी ही जोडी बहुतेकांना पाठ असते. मात्र नवे काही कॉपी केले की आधीचे हातचे गेले, असे समजून अनेक जण दोन विंडोंमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करत राहतात. विंडोज १० च्या २०१८ मधील ऑक्टोबर अपडेटपासून ही खटपट टाळता येते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून व्ही दाबल्यास क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो (पहिल्यांदा तो तेथेच चालू करावा लागतो) आणि जास्तीत जास्त २५ नोंदींपैकी हवी ती निवडताच ती कर्सरच्या जागी उमटते. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ही यादी पुसली जाते, म्हणून पत्ता किंवा पत्राचा ठरावीक मायना असा नेहमी लागणारा मजकूर पिन करून ठेवावा. कॉपी केलेला पासवर्डही या यादीत दिसू शकतो. त्यामुळे इतरांसोबत वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ती नोंद लगेच काढून टाकणे इष्ट. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब बहुधा कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबल्यास परत येतो. स्क्रीनचा हवा तेवढाच भाग टिपण्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि एस पुरतात, आणि टिपलेले चित्रही वरील यादीतच जमा होते.