परदेशातलं तान्हं बाळ घेऊन विदर्भातल्या गावी: रोजचं फिरणं कसं बसवायचं

दिवाळी जवळ आली की परदेशात राहणाऱ्या लेकी-सुनांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: बाबागाडी आणू का? मी उलट विचारते, येताय कोणत्या महिन्यात? आपल्याकडच्या खेड्यात बाळानं कधी आणि किती वेळ बाहेर जायचं, हे ऋतू आणि घड्याळ ठरवतात. गाडी, झोळी, टोपी यांचा विचार त्यानंतर.

महिना आधी, तिकीट नंतर

मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण नऊनंतर ऊन कोवळं असतं आणि संध्याकाळपर्यंत बाळ बाहेर राहू शकतं. मार्च संपता संपता हे गणित फिरतं. एप्रिल-मेमध्ये अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पहिल्या वर्षाच्या आतलं बाळ घेऊन या काळात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरातलं लग्न असतं, मोठ्या मुलाची शाळेची सुट्टी असते, यावंच लागतं. मग बाहेर पडायच्या वेळा दोनच: सकाळी सहा ते साडेसात, आणि सूर्य बुडाल्यावर जमीन निवल्यानंतर. दुपारी बाळाला टिनाखालच्या खोलीत ठेवू नका, स्लॅबच्या किंवा कवेलूच्या (मातीच्या कौलांच्या) खोलीत ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, समोरची खिडकी उघडी हवी आणि टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायला हवी, नाहीतर डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

उन्हाळ्यात एक भांडण घरोघरी होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजायचं की नाही? नाही पाजायचं. दूध जास्त वेळा द्यायचं, पाण्याची गरज दुधातूनच भागते. चोवीस तासांत सहाएक वेळा लंगोट नीट ओला होत असेल, तर बाळाला पुरेसं मिळतंय. हे आजीला तुम्ही सांगण्यापेक्षा आशाताईंना सांगायला लावा, पटकन पटतं.

निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांशी बोला

क्षयाची बीसीजी लस भारतात जन्मताच देतात. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत ती सरसकट दिली जात नाही. मात्र आई-बाबा किंवा आजी-आजोबांपैकी कोणी क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेलं असेल, तर ब्रिटनमध्ये बाळाला ही लस मिळते. आपली बहुतेक मुलं यात बसतात, तेव्हा आठवणीनं मागा. गोवराचं दुसरं. अमेरिकेत ही लस वर्षानंतर देतात, पण ६ ते ११ महिन्यांचं बाळ परदेश प्रवासाला निघालं की एक डोस आधी द्यावा, असा तिथलाच सल्ला आहे. तो जादाचा धरतात आणि वर्षानंतरचे दोन्ही डोस राहतातच. गडचिरोलीच्या बाजूला जाणार असाल तर मलेरियाबद्दल वेगळं विचारा.

डास पळवणारं मलम किंवा फवारा दोन महिन्यांच्या आत लावत नाहीत, आणि निलगिरी-लिंबू तेलाचे प्रकार तीन वर्षांच्या आत नकोत. सोपं म्हणजे चांगली मच्छरदाणी. ती इथं कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळते, आणायची गरज नाही.

पहिले दिवस अंगणापर्यंतच

अमेरिकेहून आलेलं बाळ इथं रात्री दोनला खेळायला उठतं. त्याला दामटून झोपवत बसू नका. सकाळचं ऊन हे झोप जागेवर आणायचं खरं औषध आहे. घर पाचलाच जागं होतं, सडा पडतो, गायीची धार काढतात. बाळाला घेऊन ओट्यावर बसा. दुपारची झोप दोन-अडीच तासांच्या पुढं गेली तर उठवा. चार-पाच दिवसांत बहुतेक बाळं वळणावर येतात.

या दिवसांत बाहेर जायची गरजही पडत नाही, कारण गावच घरी येतं. तिकडच्या फ्लॅटमध्ये दोनच चेहरे पाहिलेलं बाळ एकदम वीस माणसांत येतं. सात-आठ महिन्यांच्या पुढं बाळाला आपलं आणि परकं कळू लागतं, आणि ते आजीच्या कडेवरही ओरडून रडतं. "माय वो, आम्हाले ओळखत नाही लेकरू!" असं कोणी म्हटलं की सूनबाई ओशाळते. ओशाळू नका, हा वाढीचाच टप्पा आहे. आलेल्या माणसाला आधी शेजारी बसू द्या, तुमच्याशी बोलू द्या, बाळाला तुमच्या मांडीवरून बघू द्या. हात पुढं करायचा तो बाळ स्वतः झुकलं की. लपाछपीसारखा "बुआ कूक" खेळ दुरून केला, तर हे लवकर घडतं.

हात धुतल्याशिवाय घेऊ नका, पापी घेऊ नका, हे सांगायचं काम बाळाच्या बाबांचं. सुनेनं सांगितलं की ती 'फारेनची' ठरते. मुलानं सांगितलं की दोन दिवस चेष्टा होते आणि मग सगळे ऐकतात. नजर काढायला मीठ-मोहरी ओवाळतात, त्यात काही बिघडत नाही, फक्त धूर बाळापासून लांब ठेवा. काजळ मात्र नको, त्यात शिसं असू शकतं. आणि वर्षाच्या आत मध चाटवू देऊ नका. त्यातून बाळाला बोट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. इथं भीड ठेवू नका.

रोजचा फेरा बसवा

आता मुख्य काम. रोज एकाच वेळी, एकाच वाटेनं, अर्धा-पाऊण तास. हिवाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊ, दूध पाजून झाल्यावर. वाट लहान ठेवा: घर, मारुतीचं देऊळ, पारावर थोडं थांबणं, शेजारचा गोठा, परत. बाळाला नवं काही दाखवायची घाई तुम्हाला असते. बाळाला तीच गाय, तोच पिंपळ, तीच घंटा रोज भेटली की ओळखीचा आनंद होतो, आणि काही दिवसांनी देऊळ यायच्या आधीच ते हात हलवू लागतं. चालताना बोलत राहा: ही बैलांची बंडी, ही शेळी, हे वासरू. घरात दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बोलणं लांबतं, ही समजूत खरी नाही.

बाबागाडीचं उत्तर इथं देते. गावातला रस्ता सिमेंटचा असेल तर हलकी, घडी होणारी गाडी चालते. पांदणीला, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेला, आणि खडीच्या रस्त्यावर ती निरुपयोगी. कापडी झोळी किंवा पट्ट्याची कांगारू-पिशवी जास्त कामाची. त्यात बाळाचं तोंड उघडं दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीवर टेकलेली नसावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावलीत ठेवा. मोठी सुती टोपी आणि आजीचं दुपटं पुरतं.

कुत्र्यांचं भान ठेवा. गावातली कुत्री तुम्हाला ओळखत नाहीत. सोबत घरचं कोणी असलं की ती भुंकून थांबतात. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हळद, चुना काही लावू नका.

उन्हाळा सोडला तर दिवेलागणीच्या आत घरी या. म्हाताऱ्यांचा हा नियम आहे. त्यांचं कारण वेगळं असेल, पण मेंदूज्वर पसरवणारे डास याच वेळी बाहेर पडतात आणि चुलीचा, कचऱ्याचा धूरही तेव्हाच खाली बसतो. मग तो वेळ फोनला द्या. आपले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात लंडनचे दुपारचे अडीच, न्यू जर्सीचे सकाळचे साडेनऊ. बाळाचे बाबा तिकडेच राहिले असतील तर ही वेळ जमते. लहान बाळांना पडदा दाखवू नये म्हणणारे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही घरच्यांशी व्हिडिओ कॉलला सूट देतात.

वावर, बाजार आणि गाडी

वावरात जरूर न्या, पण विचारून. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. आज फवारणी कुठं आहे आणि वारा कुठून आहे, एवढं विचारल्याशिवाय बाळ घेऊन धुऱ्यावर (बांधावर) पाय ठेवू नका. फवारून आलेल्या माणसानं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. डिसेंबर-जानेवारीत मात्र वावरासारखी जागा नाही. कापूस वेचणीला आलेला असतो, तूर वाळत असते, बाळाला बाजेवर सावलीत बसवा आणि बोंडातला कापूस हाताला लागू द्या. तोंडात जाणार नाही एवढं बघा. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगाजवळ आणि गोवऱ्यांच्या रचलेल्या उतरंडीजवळ बाळाला खाली सोडू नका, तिथं विंचू-साप दडतात.

आठवडी बाजारात दुपारची गर्दी टाळा. दुकानं लागताना जा, वीस मिनिटांत परत या.

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बाईला अर्धं, पण धक्के फार. कमी अंतर, खिडकीपासून आतली जागा. भाड्याच्या गाडीसाठी तिकडची कारसीट आणाच. मागच्या सीटचे पट्टे बरेचदा कव्हरखाली दाबलेले असतात, ते गाडी ठरवतानाच काढून ठेवायला सांगा. मोटारसायकलवर बाळ नको. नियमानं चार वर्षांखालच्या मुलाला बांधायचा पट्टा, नऊ महिन्यांपुढं हेल्मेट आणि ताशी चाळीसची मर्यादा आहे. गावात हे कोण पाळतं, तुम्हीच बघा.

"काहून वो, अजून रांगत नाही?"

हा प्रश्न फेऱ्यात रोज भेटेल. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी मुलं तपासली. २००६ साली आलेल्या त्या निष्कर्षात एकट्यानं चालू लागण्याचा काळ साधारण ८ ते १८ महिने एवढा पसरट निघाला. काही मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. तेव्हा हसून पुढं चला. बाळ महिना-दीड महिना आधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे दिवस वजा करून वय धरा. नऊ महिन्यांना आधार देऊनही बसत नसेल, अठराव्या महिन्यात चालत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, किंवा आलेली गोष्ट परत गेली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

गावाचा खरा फायदा जमिनीचा आहे. सतरंजी टाका आणि बाळाला सोडा. बसून पायांनी ढकलायचा प्लास्टिकचा वॉकर कोणी भेट दिला तर माळ्यावर ठेवा. कॅनडानं तो २००४ पासून विकायलाही बंद केलाय. सुताराकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो बाळ उभं राहून मागून ढकलतं. मात्र आधी ते स्वतःहून उभं राहायला लागलेलं असावं.

सोहळे, थोडे बदलून

उष्टावण मुलाचं सम आणि मुलीचं विषम महिन्यात करतात. मुलीसाठी पाचवा न धरता सातवा धरा, वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावरच हवं. जावळाला नवी पात न्हाव्याकडून तुमच्यासमोर काढून घ्या.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही होतं, आणि हिवाळ्यात आलेल्यांनी ते चुकवू नये. काळं झबलं, हलव्याचे दागिने, भोवती गल्लीतली सगळी पोट्टी. पण डोक्यावरून पडणारी बोरं, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे म्हणजे तान्ह्या बाळाच्या घशात अडकणाऱ्या वस्तूंचीच यादी. बाळाच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि थोडे मुरमुरे टाका, बाकीचं पोट्ट्यांकडे बाजूला उधळा. त्यांची लूट झाली की आधी जागा झाडून घ्या, मगच बाळाला खाली ठेवा. हलव्याचे दागिने फोटोपुरते.

पावसाळ्याअखेर आलात तर तान्हा पोळा मिळेल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून फिरवतात. दीड वर्षाच्या आसपासचं बाळ चालता चालता मागं काही ओढू लागतं, आणि दोरी बांधलेला बैल त्या वयासाठीच केल्यासारखा आहे. शिंगं टोकदार असतील तर सुताराकडून घासून घ्या.

परतताना

इथं एखादी लस दिली, पोलिओ रविवारी थेंब पाजले, तर आशाताई किंवा सिस्टरकडून माता-बाल कार्डावर नोंद घ्या. तारीख आणि लशीचं नाव इंग्रजीतही लिहून घ्या, तिकडच्या दवाखान्यात मराठी वाचणारं कोणी नसेल. अंगणवाडीत वजन केलं असेल तर तेही उतरवा. पहिलं पाऊल, पहिला शब्द इथं झाला तर तारखेसह त्याच वहीत टाका, पुढच्या तपासणीत विचारतात. आणि सामानात लाकडी बैल असेल आणि जाणं ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला असेल, तर विमानतळाच्या अर्जात लाकडी वस्तू असल्याचं लिहा. तिथं लाकूड तपासतात, न लिहिल्यास दंड होऊ शकतो.