शास्त्रीय गाणाऱ्या मुलासाठी मॅनेजर शोधताय? या चुका टाळा

मूल यमन-भूपसारखे राग नीट गायला लागलं, एखाद्या आंतरशालेय स्पर्धेत पहिलं आलं, की घरात विषय निघतोच: "याला एखादा मॅनेजर बघायला हवा." बघायला हरकत नाही. पण मॅनेजर म्हणा की एजंट, तो आलेली मागणी हाताळणारा माणूस. मागणीच नसेल तर तो हाताळणार काय? शास्त्रीय संगीतात लहान मुलांच्या कार्यक्रमांचा बाजार मुळात छोटा आहे, आणि तो एजंटांच्या फोनवर फारसा चालतही नाही. संगीत मंडळाचे कार्यकर्ते गुरूंना विचारतात, "तुमच्याकडे कोणी तयार मूल आहे का?" आणि तारीख ठरते. बहुतेक मुलांचे पहिले पाच-दहा कार्यक्रम असेच होतात.

म्हणून पहिली चूक घाईची. महिन्याला दोन-तीन निमंत्रणं येताहेत, तारखा एकमेकींवर आदळताहेत, बिदागीची बोलणी करताना तुमची पंचाईत होते आहे, असं झालं की माणूस शोधा. तोपर्यंत आई किंवा बाबांपैकी एकाने वही घालून हे काम करावं. या वयात आधाराची खरी गरज शिक्षणाला असते. सीसीआरटी, म्हणजे केंद्र सरकारचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, 10 ते 14 वर्षांच्या मुलांना कलाशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं. मॅनेजर शोधण्यात घालवलेल्या वेळापैकी थोडा त्या अर्जाला दिलेला बरा. कुमार गंधर्वांनी लहान वयात मैफली गाजवल्या होत्या, तरी पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकायला राहिलेच.

गुरूंना शेवटी कळवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, आणि ती सहसा संकोचातून होते. "गुरुजी नाही म्हणतील" म्हणून आधी मॅनेजर ठरवायचा आणि मग कार्यक्रमाची पत्रिका घेऊन पेढे द्यायला जायचं. मुलाचा कोणता राग मंचावर मांडण्याइतका तयार आहे, संथ लयीतला विलंबित ख्याल पेलतो की अजून जलद लयीतल्या द्रुत बंदिशीवरच थांबावं, हे गुरूला माहीत असतं. मॅनेजरला ते माहीत असण्याची शक्यता कमी. तो म्हणणार, "सात मिनिटांत आटपा, शेवटी एक नाट्यगीत टाका." कधीतरी तसंही चालेल, पण कधी चालेल ते गुरूने ठरवायचं. एजंटाला पहिल्याच भेटीत सांगा की मंचावर काय गायचं यावर गुरूंचा शब्द अखेरचा. तोंड वाकडं झालं तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आधी पैसे भरणं

नोंदणी फी, "पोर्टफोलिओ", "ग्रूमिंग पॅकेज", फोटोशूट, ऑडिशनचं शुल्क: ही सगळी एकाच दुकानाची पाटी. खरा एजंट मुलाच्या मानधनातून टक्का घेतो, म्हणजे काम मिळालं तरच त्याला पैसे मिळतात. जो तुमच्याकडून आधी पैसे घेतो, त्याचा धंदा तुमच्या फीवर चालतो. मूल गायलं काय, न गायलं काय. "अमुक चॅनेलच्या शोमध्ये थेट निवड करून देतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करावा.

टक्का साधारण दहा ते वीसच्या दरम्यान असतो. पण तो कशावर, हे विचारायचं बहुतेक जण विसरतात. उदाहरण घ्या. कार्यक्रमाचे 20,000 रुपये ठरले. तबला आणि पेटीच्या साथीदारांचे मिळून 8,000, प्रवास-मुक्काम 5,000. उरले 7,000. वीस टक्के एकूण रकमेवर लावले तर एजंटाचे 4,000 आणि मुलाचे 3,000. तेच उरलेल्या रकमेवर लावले तर एजंटाला 1,400 आणि मुलाला 5,600. करारात "साथसंगत व प्रवासखर्च वजा जाता" एवढे शब्द घातले की हा प्रश्न सुटतो. शिवाय पैसे आयोजकाकडून थेट मुलाच्या खात्यात यावेत आणि एजंटाने त्याचं बिल तुम्हाला द्यावं. उलटा रस्ता धरलात की दर महिन्याला तुम्हीच त्याच्या मागे फोन करत फिरणार. मुलाचं स्वतंत्र पॅनकार्ड काढून ठेवा. स्वतःच्या कलेतून मूल जे कमावतं ते प्राप्तिकरात आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, मुलाचंच धरलं जातं.

करार न वाचता सही

भारतात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक. 1872 च्या करार कायद्याचं कलम 11 तेच सांगतं, आणि 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ते पक्कं केलं. हे ऐकून काही पालक निर्धास्त होतात: "मुलाची सही चालतच नाही, मग काळजी कसली?" काळजी हीच की सही तुम्ही करता. दंडाचं कलम असेल तर ते तुमच्या गळ्यात पडणार.

कागद हातात आला की चार जागा पेन्सिलने खुणा करून वाचा. एक, मुदत. पाच वर्षांचा करार असेल तर दहा वर्षांचं मूल पंधराचं होणार, आणि मध्ये काय काय बदलतं ते पुढे येतंच आहे. एक वर्ष पुरे, पुढे दोघांच्या संमतीने वाढवा. दोन, "एकमेव प्रतिनिधी" हा शब्द. त्याची व्याप्ती लिहिलेली नसेल तर गुरुपौर्णिमेला गुरूंच्या घरी गायलं तरी परवानगी लागेल असा अर्थ कोणी काढू शकतो. शाळा, गुरूंचे कार्यक्रम, स्पर्धा आणि परीक्षा यातून स्पष्ट वगळून घ्या. तीन, बाहेर पडण्याची वाट: किती दिवसांची लेखी नोटीस आणि काही दंड आहे का. चौथी जागा ध्वनिमुद्रणांची. कॉपीराइट कायद्यानुसार गायकाला आपल्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क असतो, पण "सर्व हक्क कायमस्वरूपी सुपूर्द" अशी एक ओळ लिहून दिली की त्यातलं हाती फार काही उरत नाही. आणि हो, यूट्यूब चॅनेल तुमच्या ईमेलवरच उघडा. चॅनेलचा पासवर्ड एजंटाकडे आणि मुलाचे सगळे व्हिडिओ त्यावर, असं झालं की वेगळं होताना तेच तारण होऊन बसतं.

चुकीचा व्हिडिओ पाठवणं

आयोजक पहिलं मिनिटभर ऐकतो, फार तर दोन. त्यात त्याला स्वर लागतो का, लय हातात आहे का, एवढंच पाहायचं असतं. आणि आपण पाठवतो काय? स्नेहसंमेलनातला, मागे फुगे लावलेला, एको चढवलेला व्हिडिओ, ज्यात निवेदक पहिली चाळीस सेकंदं मुलाचं कौतुक करतोय. त्यापेक्षा घरातली शांत खोली, बंद पंखा, फोन तीन-चार फुटांवर टेकवलेला आणि तानपुरा आवाजाच्या खाली राहील एवढाच. एकाच रागातलं सहा-सात मिनिटांचं सलग गाणं, मध्ये कापाकापी नको, सूर यंत्राने दुरुस्त करणारं ऑटोट्यून तर मुळीच नको. जाणत्या कानाला ते पहिल्या मींडेतच, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातानाच, कळतं. सोबत चार ओळी: वय, गुरूंचं नाव, किती वर्षं तालीम, पट्टी (पेटीवरच्या ज्या स्वराला सा धरून मूल गातं ती). गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची प्रमाणपत्रं स्कॅन करून जोडायची गरज नाही. ती अभ्यासाची पावती म्हणून ठीक, पण त्यावर तारीख कोणी देत नाही.

कायद्याकडे दुर्लक्ष

चौदा वर्षांखालच्या मुलाला टीव्ही शो किंवा व्यावसायिक कार्यक्रमात घ्यायचं तर निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर त्याला उभं करता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. एजंटाला सहज विचारा, "परवानगीचं काम कोण बघतं?" तो गोंधळला तर त्याने याआधी मुलांचं काम किती केलंय, ते कळलं.

आवाज फुटण्याचं वय न धरणं

बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारा मुलगा वर्षभरात काळी एकच्या आसपास येऊन बसतो, आणि मधले काही महिने कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. मुलींच्या आवाजातही फरक पडतो, पण तो इतका ठळक नसतो. या काळात तार सप्तकाचा हट्ट धरून कार्यक्रम करणं गळ्याला घातक. आधीच घेतलेल्या तारखा दंडाशिवाय रद्द करता येतील, असं करारात लिहून घ्या. आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि रियाज किती, कोणत्या पट्टीत, हे गुरूंना विचारा.

सही करून बसलाच असाल तर

आधी करार पुन्हा वाचा, नोटिशीचं कलम शोधा. मग एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर न भांडता ईमेल करा: आतापर्यंतचे कार्यक्रम, मिळालेली रक्कम, कापलेला टक्का, यांचा लेखी हिशेब पंधरा दिवसांत द्या. हिशेब आला तर बोलणी पुढे नेता येतात. नाही आला तर तोच ईमेल वकिलाच्या हातातला पहिला कागद. दरम्यान नव्या तारखांना होकार देऊ नका, पण कबूल केलेला कार्यक्रम मोडू नका. आयोजकाचा यात काही दोष नाही आणि पुढच्या वर्षी तोच तुम्हाला थेट फोन करू शकतो. चॅनेलचा ताबा एजंटाकडे असेल तर मूळ व्हिडिओ फायली आजच्या आज स्वतःच्या हार्ड डिस्कवर घ्या.