ऑफिसचा नंबर आधारला लावला असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांचे हिशेब सांभाळण्यात माझी एकवीस वर्षं गेली. ऑफिसचा फोन घरच्या कामाला वापरू नये म्हणतात, पण टेबलावरच्या फोनवरून घरी दोन मिनिटं बोलल्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घरी पाहुणे असतात, फोन होणारच. फक्त खरेदीदाराच्या फोनच्या वेळेला लाइन अडवू नका. खरं नुकसान होतं ते स्वतःची खाती ऑफिसच्या नंबराला आणि मेलला जोडल्यानं.

आधीची नोकरी सोडताना मी कंपनीचं सिम खाकी पाकिटात घालून परत दिलं. माझं आधार त्याच नंबराला जोडलेलं, हे डोक्यातच आलं नाही. पुढे पीएफ नव्या खात्यात वळवायला बसलो, तर ओटीपी गेला जुन्या नंबरावर. ते सिम आता डिस्पॅचच्या पोराकडे होतं. त्याला फोन लावला, तो ट्रकमध्ये गाठोडी चढवत होता. उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. असं तीनदा झालं.

म्हणून नोकरीत आहात तोवरच एका वहीत लिहून काढा: आधार, बँक, पीएफ, इन्कम टॅक्स, विमा, गॅस, मुलांची शाळा. प्रत्येकापुढे कुठला नंबर, कुठला मेल दिलाय ते लिहा. सुरुवात आधारपासून करा, कारण बाकीच्यांचे ओटीपी बऱ्याचदा तिथूनच अडतात. मी आधार केंद्रावर बोटाचा ठसा देऊन नंबर बदलला. पावती जपून ठेवा. मग बँक. हे सगळं होईपर्यंत सिम हातातून सोडू नका. व्हॉट्सॲप त्या नंबरावर असेल तर सेटिंगमधून नंबर बदला, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लॉगआउट करा.

ऑफिसच्या मेलमधून फॉर्म 16, पगारपत्रकं, नेमणुकीचं पत्र एवढंच स्वतःकडे घ्या. सगळी पेटी घरच्या मेलवर पाठवू नका. खरेदीदारांचे दर कंपनीचे आहेत.

आणि घरचं दुखणं-खुपणं त्या मेलवर लिहूच नका. डिलीट केलं तरी सर्व्हरवर प्रत राहू शकते, आणि आपण नोकरी सोडल्यावर पेटी दुसऱ्याला उघडून देऊ शकतात. मलाही माझ्या आधीच्या माणसाची दिली होती. सुताच्या बिलांमध्ये त्यांच्या बायकोचा बायोप्सी रिपोर्ट होता. मी लगेच बंद केला, पण तोवर वाचून झालं होतं.