पोलिसांवर विश्वास नसलेल्या बंदूक परवानाधारकाने काय करावे

विदर्भातल्या खेड्यांत रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी जागल करणाऱ्या काही शेतकऱ्यांच्या घरी अजूनही बारा बोअरची दुनळी किंवा ठासणीची बंदूक परवान्यासह सांभाळलेली असते. त्याच घरातली तरुण मुले मोबाईलवर अमेरिकेतील बंदूकप्रेमींचे व्हिडिओ पाहतात आणि ‘सरकारी माणसाला काही दाखवू नका, काही सांगू नका’ हा तिकडचा सल्ला घरात आणतात. तो जसाच्या तसा पाळला, तर ज्याच्या नावावर परवाना आहे त्या घरातल्या वडीलधाऱ्यालाच तो भोवतो.

मुलांना समजावताना तिकडचा अविश्वास खोटा आहे असे सांगू नये, कारण तो खोटा नाही. 1992 मध्ये आयडाहो राज्यातील रूबी रिज येथे नळी कापलेल्या बंदुका विकल्याच्या आरोपावरून सुरू झालेल्या प्रकरणात रँडी वीव्हर याला न्यायालयाची तारीखच चुकीची कळवली गेली, आणि अखेरच्या वेढ्यात त्याची पत्नी, 14 वर्षांचा मुलगा व एक फेडरल अधिकारी असे तिघे मारले गेले. पुढच्याच वर्षी टेक्सासमधील वेको येथे ‘एटीएफ’ या शस्त्रविषयक केंद्रीय यंत्रणेच्या छाप्यापासून सुरू झालेला 51 दिवसांचा वेढा आगीत संपला आणि त्यात लहान मुलांसह सत्तरहून अधिक माणसे गेली. मात्र याच रागातून 19 एप्रिल 1995 रोजी ओक्लाहोमा सिटीत स्फोट घडवून 168 जणांचा जीव घेतला गेला, हेही त्याच बैठकीत सांगावे. त्यानंतर मायकेल कार्गिल या टेक्सासमधील बंदूक दुकानदाराची गोष्ट सांगावी. ‘बंप स्टॉक’ या, बंदुकीतून झपाट्याने गोळ्या झाडता याव्यात म्हणून लावल्या जाणाऱ्या जोडसाधनावर एटीएफने बंदी आणली, तेव्हा त्याने आपल्याजवळची साधने निषेध नोंदवून जमा केली, मग दावा लावला आणि 2024 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. आपल्याकडे उपयोगी पडणारी रीत हीच आहे: आधी जमा करणे, हरकत लेखी नोंदवणे आणि मग दाद मागणे.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 19 नुसार शस्त्र बाळगून जाणाऱ्या कोणाकडेही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना दाखवला नाही तर शस्त्र जप्त होऊ शकते, आणि नाव-पत्ता सांगण्यास नकार दिल्यास वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. म्हणून रात्री वावरात बंदूक नेताना परवाना सोबतच ठेवावा. बंदुकीचा परवाना म्हणजे रोही किंवा डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे; ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. नळी आखूड करणे किंवा घरी बंदूक तयार करणे हे व्हिडिओत कितीही सोपे दिसले, तरी 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे.

खरी कुरबुर होते ती निवडणुकीच्या काळात. बंदूक जमा करा असा निरोप कोतवाल किंवा पोलीस पाटील यांच्याकरवी तोंडी येतो, आणि ठाण्यात बंदूक दिल्यावर कागदाच्या चिटोऱ्यावर ‘एक बंदूक जमा’ एवढेच लिहून मिळते. अशी पावती पुढे काहीच सिद्ध करू शकत नाही. ठाणेदारांना नम्रपणे, पण आग्रहाने सांगून पावतीवर परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार व बोअर, नळीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या, तारीख आणि शिक्का घ्यावा. दस्त्याला चीर असेल, घोड्याला गंज असेल, तर तेही लिहून घ्यावे आणि जमा करण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत. आपली बंदूक का जमा करून घेतली जात आहे हे जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारावे. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा न करता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, अशी पद्धत आहे. निकालानंतर बंदूक परत मिळाली नाही, तर हेलपाटे घालण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा.

परवाना निलंबित किंवा रद्द झाल्यास कलम 17 खाली त्याची कारणे लेखी नोंदवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि सार्वजनिक हिताचे कारण आड येत नसेल तर मागितल्यावर ती द्यावी लागतात. ती हाती घेऊन कलम 18 नुसार मुदतीत अपील करावे. अपील दाखल केले म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. तशी स्थगिती मिळेपर्यंत बंदूक घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. ठाण्यात शस्त्र ठेवण्याची धास्ती वाटत असेल, तर परवाना संपलेले किंवा रद्द झालेले शस्त्र परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येते, आणि त्याच्याकडूनही वर सांगितली तशीच तपशीलवार पावती घ्यावी.