ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे व्हील स्टड : कोल्हापुरातून निघण्याआधीची तयारी

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर गाडी न्यायची ठरली, की टायर आणि ब्रेक पॅडच्याही आधी चाकाचे स्टड, म्हणजे हबमधून बाहेर येणारे आणि ज्यांवर चाकाचे नट चढतात ते आटेदार दांडे, बघायला घ्या. निघायच्या निदान तीन-चार आठवडे आधी. नेमक्या मापाचे स्टड मागवावे लागतात, आणि शेवटच्या आठवड्यात माणूस मिळेल त्यावर भागवतो.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या. चाक स्टडवर लटकलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाक, ब्रेकची डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) एकमेकांवर दाबले जातात, आणि ब्रेक लावल्यावरचा सगळा जोर त्या दाबातल्या घर्षणावर पेलला जातो. एम १४ × १.५ चा (व्यास १४ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १.५ मिमी) कोरडा स्टड १२० न्यूटन मीटरला आवळला, तर साधारण ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या वर दाब मिळतो. एका चाकाला असे पाच. हा दाब कमी झाला की चाक हबवर सूतभर हलायला लागतं, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि धातू थकून तुटतो. तुटलेले बहुतेक स्टड कमजोर नसतात, ढिले राहिलेले असतात. पुढची सगळी तयारी हा दाब मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी आहे.

मग गाडीचं माप काढा. फोक्सवॅगन पोलो, बहुतेक ऑडी आणि पोर्शला मुळात बोल्ट असतात, माप एम १४ × १.५. जुन्या बीएमडब्ल्यूला एम १२ × १.५, नव्यांना एम १४ × १.२५. होंडा आणि टोयोटाला एम १२ × १.५ चे स्टड, मारुती सुझुकीला एम १२ × १.२५ चे. १.२५ आणि १.५ डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, पिच गेज (आट्यांवर लावून पिच ओळखायची दातेरी पट्टी) लावूनच खात्री करा. चुकीचा नट दोन आटे हाताने जातो आणि तिथे अडतो. तिथे इम्पॅक्ट गन (नट फिरवायचं पॉवरचं हत्यार) लावली की स्टडही गेला, नटही गेला.

बोल्टच्या गाडीला स्टड कशाला, असं विचारलं जातं. ट्रॅकच्या दिवशी चाकं पुन्हापुन्हा निघतात. बोल्टने दर वेळी हबचेच आटे झिजतात, आणि हब महाग. स्टड एकदा बसवला की झीज स्टडवर जाते, आणि तो बदलता येतो. शिवाय गरम चाक एका हाताने तोलून भोक जुळवत बसावं लागत नाही. पुढे निमुळतं, बिनआट्याचं टोक असलेला स्टड घ्या. नट तिरका चढून आटे जाण्याचं प्रमाण त्याने बरंच कमी होतं.

लांबी अंदाजाने ठरवू नका, व्हर्नियर घेऊन बेरीज मांडा. समजा, हबमधले आटे १४ मिमी, डिस्कची जाडी ७, स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) ५, चाकाची जाडी नटाच्या बैठकीपर्यंत, म्हणजे नट चाकाला टेकतो तिथपर्यंत, १२, नटात जाणारे आटे १६ आणि पुढचं निमुळतं टोक १०. झाले ६४. मग त्याच्या वरची मिळणारी पहिली लांबी. नटात व्यासाइतके तरी आटे गेलेच पाहिजेत : एम १४ × १.५ ला नऊ-साडेनऊ फेरे, एम १२ × १.५ ला आठ, एम १२ × १.२५ ला जवळपास दहा. चाक बसवून फेरे मोजा. टोकाचे बिनआट्याचे फेरे धरू नका. स्टड लांब असेल तर बंद टोपीचा नट वापरू नका. स्टड टोपीला आतून टेकतो, टॉर्कचा पाना कट्ट वाजतो, आणि चाक मात्र सैलच राहतं. ट्रॅकला आरपार भोकाचा, पोलादी नट. ॲल्युमिनियमचे रंगीत नट घरी ठेवा.

नटाची बैठक सर्वांत जास्त चुकते. पोलोच्या मूळ चाकाची बैठक गोल, १३ मिमी त्रिज्येची, पोर्शची १४ ची. बीएमडब्ल्यूची ६० अंशांचा शंकू, आणि बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉय चाकांचीही तीच. गोल बैठकीत शंकूचा नट एका बारीक कड्यावरच टेकतो, ते कडं दबतं आणि पहिल्याच सेशनमध्ये दाब निघून जातो. तपासायला नटाच्या बैठकीवर मार्कर फिरवा, हलका आवळा आणि काढून बघा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली तर बैठक जुळली. रेघेसारखी पुसली गेली तर नट बदला. चाकाला पावडर कोटिंग केलं असेल तर बैठकीतला आणि हबला टेकणाऱ्या भागातला रंग काढायला लावा. रंगाचा थर दाबाखाली चेपतो.

आता उद्यमनगरचा विषय, कारण कोल्हापुरात हा मोह होणारच. शिवाजी उद्यमनगरात ईएन १९ किंवा ईएन २४ या मिश्र पोलादांची सळई मिळते, लेथवर हात बसलेली माणसं आहेत, हीट ट्रीटमेंटही होते. तरी स्टड तिथे करून घेऊ नका. प्रश्न कारागिरीचा नाही. चांगल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, दाबून रोल केलेले असतात. धातूचे तंतू आट्याच्या वळणाने वाहतात आणि आट्याच्या तळाशी दाबाचा ताण कायम राहतो, म्हणून भेग सहसा सुरू होत नाही. लेथवर तेच तंतू कापले जातात आणि तळाशी टूलची धारदार खूण राहते. थकव्याची भेग तिथूनच निघते. दुसरा धोका प्लेटिंगचा. कडक पोलाद ॲसिडमध्ये धुऊन झिंक चढवलं की हायड्रोजन आत शिरतो, आणि लगेच भट्टीत काही तास भाजून तो काढला नाही, तर स्टड आवळून ठेवल्यावर तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तडकतो. १२.९ ग्रेडमध्ये (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा आकडा) हा धोका जास्त, म्हणून मोठा आकडा म्हणजे जास्त चांगला असं समजू नका. १०.९ म्हणजे १००० मेगापास्कल ताकद आणि तिच्या ९० टक्क्यांवर धातू कायमचा ताणला जातो. रोल केलेला, बॅच नंबर असलेला १०.९ चा स्टड ट्रॅकला पुरतो. उद्यमनगरला जायचं ते दुसऱ्या कामांना : हबला बरोबर बसणारा स्पेसर टर्न करून घ्यायला, पोलोला ५७.१ मिमीच्या बोअरचा, आणि हायड्रॉलिक प्रेसच्या कामाला.

प्रेस लागतो तो होंडा, मारुतीसारख्या दाबून बसवायच्या स्टडला. इथे नर्लिंगचा, म्हणजे हबमध्ये रुतणाऱ्या खाचेरी भागाचा, व्यास ०.१ मिमीपर्यंत मोजा. बारीक असेल तर स्टड हबमध्ये गरगर फिरेल आणि नट निघणार नाही, जाड असेल तर हबला तडा जाऊ शकतो. हातोड्याने ठोकू नका, बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) खड्डे पडतात. बसल्यावर मागून टॉर्च मारून बघा. डोकं हबला चारी बाजूंनी टेकलेलं हवं. केसभर फट राहिली, तर ती ट्रॅकवर भरून निघते आणि तेवढाच दाब कमी होतो.

हबमध्ये पिळून बसवायचा स्टड बोल्टच्या जागी लावताना हबमधून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) हाताने फिरवा, ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने वाळवा. तेलकट आट्यावर थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारं द्रव्य) धरत नाही. उच्च तापमानाचा पक्का थ्रेडलॉकर लावा, कारण हब ब्रेकच्या उष्णतेत भाजून निघतो. स्टड बनवणाऱ्याने सांगितलेल्या हलक्या टॉर्कलाच बसवा आणि २४ तास गाडी हलवू नका. टोक हबच्या मागे बाहेर आलं नाही ना आणि कशाला घासत नाही ना, हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघा.

आवळताना आटे कोरडे ठेवा. तेल लावून तोच टॉर्क दिला की दाब तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो. पोलोला १२० न्यूटन मीटर, ९९७ या पिढीपर्यंतच्या पोर्श ९११ ला १३०, पुढच्या ९९१ पिढीला १६०; गाडीच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा. नट आधी हाताने पूर्ण चढवा, मग समोरासमोर निम्म्या टॉर्कला, मग चाक टेकवून पूर्ण. गन फक्त नट काढायला. ट्रॅकवर पहिल्या सेशननंतर टॉर्क तपासायचा, पण चाक थंड झाल्यावर. तापलेलं ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्या अवस्थेत आवळलेला नट थंड झाल्यावर कमी दाबाचा राहतो. मग नटावरून चाकावर रंगाच्या पेनाने सरळ रेघ ओढा. रेघ तुटली की लांबूनही दिसते.

नटाभोवती तांबूस-काळी पूड दिसली, तर चाक हलत होतं. पाचही स्टड बदला. एक तुटला असेल तरीही पाच, कारण त्याचा भार उरलेल्या चौघांनी झेललेला असतो. नट हाताने चढेनासा झाला, किंवा पिच गेजमागून उजेड दिसायला लागला, तर स्टड ताणला गेलाय. काही दिसत नसलं तरी नियमित ट्रॅकला जाणाऱ्या गाडीचे स्टड एक-दोन सीझननंतर काढून टाका, आणि बसवल्याची तारीख वहीत लिहा. पेटीत त्याच बॅचचे दोन स्टड, पाच नट, टॅप, पिच गेज आणि टॉर्क रेंच. काम झाल्यावर रेंच त्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. परतीला गाडी ट्रेलरवर न चढवता चालवत आणणार असाल, तर राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागण्याआधी, चाकं थंड असताना, वीसही नट पुन्हा एकदा तपासा.