वायरमनचा परवाना: काम आणि घर सांभाळून अभ्यास कसा करायचा

वायरिंगच्या कामात दहा-पंधरा वर्षं काढलेला माणूस विजेला घाबरत नाही, प्रश्नपत्रिकेला घाबरतो. मोटरचं बेअरिंग गेलंय हे तो आवाजावरून सांगेल, पण "स्लिप म्हणजे काय?" असं विचारलं की गप्प. मीही त्यातलाच. दिवसभर साइट, घरी दोन मुलं, आणि शाळा सुटून इतका काळ लोटलेला की अपूर्णांक बघितला तरी पोटात गोळा यायचा. आता परवाना हातात आहे, तर हाताखालची पोरं विचारतात, "दादा, एवढ्या धावपळीत वेळ कधी काढलात?" खरं सांगायचं तर वेगळा वेळ थोडाच काढला. रोज हातून जाणारं काम संध्याकाळी कागदावर उतरवत गेलो आणि अभ्यासाचा मोठा भाग त्यातच उरकला.

सुरुवात अभ्यासक्रमापासून करा. तो छापून घ्या, कारण मोबाइलमध्ये ठेवलेला अभ्यासक्रम दुसऱ्यांदा कोणी उघडत नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे पेन्सिलने लिहा: "येतं आणि सांगता येतं", "येतं पण सांगता येत नाही", किंवा "येतच नाही". आपल्यासारख्यांचा मधला ढीग सगळ्यात मोठा निघतो. अर्थिंग, जिन्याची वायरिंग, डीबी (वीज वाटणारा बोर्ड) बांधणं, स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारं उपकरण) जोडणं हे सगळं हाताला ठाऊक असतं, फक्त शब्द नसतात. अभ्यास इथूनच सुरू करायचा, कारण इथले मार्क सगळ्यात स्वस्तात मिळतात. पुष्कळ जण पहिल्या पानावरच्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनपासून सुरू करतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुस्तक माळ्यावर जातं.

नियमांचं पुस्तक चालू आवृत्तीचंच घ्या. मित्राचं जुनं पुस्तक फुकट मिळतं, पण नियम बदललेले असले तर तुम्ही मेहनतीने चुकीचं पाठ करता. अनुभवाचे दाखलेही अभ्यासाच्या आधी गोळा करा. ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे तुम्ही पूर्वी काम केलंत तो धंदा बंद करतो, फोन बदलतो, सही द्यायला महिना लावतो. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेवढं बघून घ्या.

घरात आधी बोलून घ्या

मी परीक्षेचा विषय काढला तेव्हा बायकोने दोनच गोष्टी विचारल्या: "परीक्षा कधी आहे? आणि तोवर घरातलं काय काय माझ्या अंगावर येणार, ते आत्ताच सांगा." याहून नेमका प्रश्न मला पुढे कुठल्या परीक्षकानेही विचारला नाही. "मी अभ्यास करणार आहे, जरा सांभाळून घ्या" असं मोघम बोलू नका. कुठली कामं सोडताय, कुठली तुमच्याकडेच राहणार, हे ठरवा. आमच्यात मुलांना शाळेत सोडणं आणि पाणी भरणं माझ्याकडे राहिलं, बाजार आणि बिलं भरणं तिच्याकडे गेलं. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर पुस्तक उघडायचं नाही, हेही ठरलं. ही दुपार मी मोडली नाही, म्हणून बाकीच्या दिवशी कोणी कुरकुर केली नाही.

वेळेचं म्हणाल तर अंगमेहनतीच्या माणसाने रात्रीच्या अभ्यासावर भिस्त ठेवू नये. दिवसभर भिंतीत खाचा मारून आल्यावर पुस्तक छातीवर आणि माणूस घोरतोय, हेच होतं. पहाटे घर उठायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास गणितांना द्या, कारण गणिताला ताजं डोकं लागतं. साइटवर जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं खिशातल्या चिठ्ठ्यांना. प्रवासात स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली उत्तरं ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला पहिल्यांदा कसंतरीच वाटतं, पण कुठे अडखळतो ते लगेच कळतं. रात्री फार तर एक आकृती काढून झोपा.

ओव्हरटाइमचा आठवडा येणारच, पोराला ताप येणारच. त्या दिवसांसाठी किमान हप्ता ठरवून ठेवा: एक गणित किंवा एक आकृती, बस. बुडालेला अभ्यास पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरून काढायला जाऊ नका. तो भरून निघत नाही आणि पुढचाही आठवडा हातचा जातो.

आणखी एक, हे हात जोडून सांगतो. चालू बोर्डात हात असताना मनात उत्तरं घोकायची नाहीत. शिडीवरही नाही. अभ्यास जेवणाच्या सुट्टीत.

साइटवरून रोज एक प्रश्न घरी आणा

आता मुख्य गोष्ट. दिवसभरात हातून गेलेल्या एका वस्तूवर एक प्रश्न तयार करायचा आणि त्याचं उत्तर वहीत लिहायचं. समजा, आज २ किलोवॅटचा गीझर जोडला. २३० व्होल्टला तो किती करंट घेईल? २००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. मग पुढचा प्रश्न: एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) किती अँपिअरचा आणि का? इथे एकच क्रम लक्षात ठेवा. लोडच्या करंटपेक्षा एमसीबीचं रेटिंग कमी नको, आणि वायर झेपवू शकेल त्या करंटपेक्षा एमसीबी मोठा नको. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. साइटवर वारंवार ट्रिप होतो म्हणून मोठा एमसीबी टाकून मोकळे होणारे आपण सगळे ओळखतो. पेपरात ते उत्तर लिहिलं तर शून्य, आणि ते योग्यच आहे.

मोटरची नेमप्लेट तर चालतं-बोलतं प्रश्नपत्रक आहे. ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम असं लिहिलेलं आपण कितीदा वाचतो. आता विचारा, १५०० का नाही? चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचा सिंक्रोनस स्पीड, म्हणजे आतल्या चुंबकीय क्षेत्राचा फिरण्याचा वेग, १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५००. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्या वेगाने फिरला तर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मानाने तो जागच्या जागी राहील, त्याच्यात करंट निर्माण होणार नाही आणि टॉर्कही (फिरवणारा जोर) नाही. म्हणून तो मागे राहतो. फरक ६० आरपीएम, १५०० च्या मानाने ४ टक्के. हीच स्लिप. पुस्तकात हे प्रकरण अंगावर येतं; नेमप्लेटचा फोटो समोर ठेवून केलं की एका बैठकीत संपतं.

त्याच मोटरचा फुल लोड करंट काढा. ५ गुणिले ७४६ म्हणजे ३७३० वॅट. त्याला १.७३२, ४१५, पॉवर फॅक्टर ०.८ आणि एफिशियन्सी ०.८५ यांच्या गुणाकाराने भागा. साधारण ७.६ अँपिअर येतात. दुसऱ्या दिवशी टोंग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावून बघा. कमी दिसले तर मोटरवर पूर्ण लोड आहे का, ते विचारा. एचपी हा शाफ्टवर मिळणारा पॉवर आहे आणि करंट आत येणाऱ्या पॉवरचा, म्हणून एफिशियन्सी भाजकात येते. हे एकदा उमगलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

गणितात मार्क जातात ते बहुधा सूत्रामुळे नाही, एककांमुळे. मिलिअँपिअर, किलोवॅट, मेगाओहम. पहिले काही दिवस फक्त एककं बदलण्याची गणितं करा आणि समीकरणातला आकडा इकडून तिकडे न्यायचा सराव करा. मुलांचं सातवी-आठवीचं गणिताचं पुस्तक त्याला उत्तम. लाजायचं कारण नाही. परीक्षेत जो कॅल्क्युलेटर चालतो तोच आतापासून वापरा, मोबाइल नको.

वाचू नका, आठवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग छापले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेगाने विसरतात, हे त्यांनी मोजलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट पाडले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: वेळ कमी असताना पुन्हा पुन्हा वाचण्यात तो घालवू नका. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आधी आठवायचं, मग उलटून बघायचं. आज केलेली चिठ्ठी उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. जी सलग बरोबर येते ती मागे टाका, जी चुकते ती पुन्हा वर.

चिठ्ठ्या विचारायला घरातलं कोणीही चालतं. माझी मुलगी विचारायची. तिला उत्तर कळायचं नाही, पण मी कागदावरचं सोडून भलतंच बोललो की बरोबर पकडायची. एकदा चिठ्ठी आली, "स्विच फेजवरच का लावतात?" मी म्हटलं, "नियम आहे." ती म्हणाली, "पप्पा, बटण बंद केलं की दिवा विझतोच ना, मग कुठल्याही तारेवर लावलं तर काय बिघडलं?" तिला समजेल असं सांगताना तयार उत्तरच हाती आलं: स्विच न्यूट्रलवर असला तरी दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज येऊन थांबलेला असतो. दिवा बंद आहे म्हणून बल्ब बदलायला हात घातला की शॉक. तोंडी परीक्षेत "नियम आहे" म्हणणारा आणि हे सांगणारा, यांत परीक्षकाला फरक लगेच कळतो.

असाच एक लाडका प्रश्न आरसीसीबीचा, म्हणजे गळती झाली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचा. अर्थिंग नसेल तर तो ट्रिप होतो का? साइटवर निम्मे लोक "नाही" म्हणतात. आरसीसीबी फेजमधून गेलेल्या आणि न्यूट्रलमधून परतलेल्या करंटची तुलना करतो. फरक ठरलेल्या मर्यादेला पोचला की तोडतो, माणसाच्या संरक्षणासाठी सहसा ३० मिलिअँपिअर. अर्थिंग नसतानाही तो काम करतो, पण मग गळती माणसाच्या अंगातून जायला लागल्यावरच. अर्थिंग असेल तर यंत्राच्या बॉडीला फेज टेकताच, कोणी हात लावायच्या आधी. आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, जमिनीला गळती नाही, तर तो काहीच ओळखत नाही. हे तीनही भाग मोठ्याने बोलून बघा. मनात येतं ते तोंडात येतंच असं नाही.

अनुभवी माणसाचे मार्क कुठे जातात

आपण जसं करतो तसं लिहितो, तिथे. पेपर पुस्तकाप्रमाणे लिहायचा. प्रात्यक्षिकातही तेच. नवशिका पोरगा घाबरून सगळ्या पायऱ्या करतो, आपण सवयीने गाळतो. सप्लाय बंद करा, पुन्हा कोणी चालू करणार नाही अशी सोय करा, मग तपासा. तपासतानाही टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग कामाच्या सर्किटवर, मग परत चालू सप्लायवर. नाहीतर सर्किट मेलंय की टेस्टर मेलाय हे कळणार कसं? ही सवय परीक्षेच्या दोन महिने आधी साइटवरच लावा, म्हणजे परीक्षकासमोर नाटक करावं लागत नाही. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्शुलेशन तपासणारं यंत्र) लावायच्या आधी नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून घेणं, हेही त्यातच.

जोडीदार मिळाला तर घ्या, पण एकच. आम्ही दोघांनी वाटणी केली होती: मोटर-स्टार्टर माझ्याकडे, मोजमापाची उपकरणं त्याच्याकडे. आठवड्यातून एकदा एकमेकांना शिकवायचं. चार-पाच जण जमले की अभ्यास कमी आणि कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने बोटं मोडणं जास्त.

शेवटच्या महिन्यात जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून सोडवा. पकड धरणाऱ्या हाताला सलग दोन-तीन तास पेन धरायची सवय राहिलेली नसते. पहिल्या वेळी माझी बोटं तासाभरातच आखडली. जिन्याची वायरिंग, डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) आणि स्टार-डेल्टा (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) स्टार्टरचं कंट्रोल सर्किट, हे पट्टीशिवाय पण सुबक, न बघता काढता यायला हवं. परीक्षेची तारीख कळल्या दिवशीच कॉन्ट्रॅक्टरला सांगून रजा मागा, आणि त्या महिन्यात ओव्हरटाइम कमी होणार हे धरून घरखर्चाचा हिशोब आधीच करा.

आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. ओळखपत्र, प्रवेशपत्र, दोन पेनं, कॅल्क्युलेटर पिशवीत भरा आणि रात्रीचे "लाइट गेलीय, जरा येता का" हे फोन दुसऱ्या वायरमनकडे वळवा. पेपर झाल्यावर घरी पोचायच्या आत आठवतील ते प्रश्न वहीत उतरवून ठेवा. तोंडी परीक्षा बाकी असेल तर त्यातलेच निम्मे तिथे विचारतात.