टर्बोला पाना लावण्याआधी: हंगामाच्या तोंडावरची तयारी

दसरा होऊन गेला की हिंगणघाट-वडकीच्या पट्ट्यात गाड्यांची वर्दळ वाढते. जिनिंग सुरू होतात, गाठी आणि सरकी भरून ट्रक नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागतात. वणी-घुग्गुसकडचे कोळशाचे टिप्पर तर बाराही महिने चालूच असतात. याच दिवसांत माझ्या गॅरेजसमोर गाडी लागते आणि मालक खाली उतरता उतरताच सांगतो, "भाऊ, गाडी लोड उचलून नाही राहिली. टर्बो गेला. नवा टाकून द्या." टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरानं फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो खरंच गेला असेल तर मी टाकतोच. पण टर्बो ठणठणीत आणि इंटरकूलरचा, म्हणजे कोंबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, रबरी पाईप खालून फाटलेला, असं इतक्यांदा निघालं आहे की आता मी कोणाच्याही सांगण्यावरून थेट टर्बो खोलत नाही. एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाची कितीतरी खेपांची कमाई त्या एका भागात जाते. म्हणून आदल्या दिवशी काय जमवायचं, काय विचारायचं आणि कोणत्या क्रमानं बघायचं, ते सांगतो.

सुरुवात ड्रायव्हरपासून करा. मालक घरी असतो, गाडीचा आवाज ड्रायव्हरच्या कानात असतो. त्याला चहा द्या आणि निवांत विचारा: पिकअप एकाएकी गेला का हळूहळू कमी होत गेला? धूर काळा मारते का निळा? चढावर, भर लोडवर मारते का सकाळी चालू केल्यावर? शिट्टीचा आवाज वाढला का? ऑइल किती दिवसांनी टाकावं लागतं? एअर क्लीनर शेवटचा कधी बदलला? उत्तरं वहीत लिहून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी हात काळे झाल्यावर ती आठवत नाहीत. पिकअप एकाएकी गेला तर बहुधा पाईप फाटलेला किंवा निसटलेला असतो. महिनाभरात हळूहळू गेला तर फिल्टर चोंदलेला, नाहीतर कार्बन बसलेला. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडते आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. मग ते टर्बोतून येवो की पिस्टनच्या रिंगांतून. सकाळी चालू करताना पांढरा धूर आणि डिझेलचा वास असेल तर आधी डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे बघा.

गाडी संध्याकाळीच आणून लावायला सांगा. भर लोडवर चाललेल्या डिझेल इंजिनात टर्बोकडे येणारा धूर सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतो, आणि ते ओतीव लोखंड तासाभरात हात लावण्याजोगं होत नाही. रात्रभर गाडी थंड होते आणि दुसराही फायदा मिळतो: मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागाच्या) आणि टर्बोच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवता येतं. ते स्टड तापून तापून भाजलेले असतात. कोरडेच ओढले तर मुळातून तुटतात, आणि तुटलेला स्टड काढण्यात अर्धा दिवस जातो.

रात्रीच सामान एका ट्रेमध्ये काढून ठेवा. चांगल्या उजेडाची बॅटरी, पाने आणि सॉकेट, बारीक हालचाल मोजणारं डायल गेज, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, धुतलेली पांढरी सुती फडकी, उघड्या तोंडांना बसतील अशी प्लास्टिकची बुचं. नवी गास्केटं आणि तांब्याचे वॉशर आधीच आणून ठेवा. जुनं वॉशर उलटं करून बसवायची सवय सोडा. नवा ऑइल फिल्टर आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल हवंच. आणि एक सपाट प्लायवूडचा तुकडा ठेवा, हवेच्या पाईपचं तोंड पूर्ण झाकेल एवढा. याचं कारण नीट ऐका. टर्बोचं सील जाऊन ऑइल हवेच्या वाटेनं इंजिनात शिरलं की डिझेल इंजिन ते ऑइलच पिऊन रेस होत जातं, चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय असतो, आणि ती हातानं किंवा फडक्यानं करायची नसते. हात आत ओढला जातो, फडकं पंख्यात जातं. म्हणून तो तुकडा ट्रेमध्ये सर्वांत वर ठेवायचा.

सकाळी गार गाडीवर आधी हवेची बाजू घ्या. आपल्याकडची धूळ साधी नाही. खाणीच्या रस्त्यावर कोळशाची भुकटी असते, शेताच्या वाटेवर काळ्या मातीचा पिठासारखा फुफाटा, आणि जिनिंगच्या आवारात कापसाचं तूस. हे तूस इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीवर गोधडीसारखं बसतं. मागच्या हंगामात एका ट्रकच्या जाळीवरून मी बोटानं तुसाचा थर उचलला तर वाकळेचा तुकडा निघावा तसा अखंड निघाला, मागच्या बाजूनं काळा आणि तेलकट. त्या गाडीचा टर्बो हवा बरोबर कोंबत होता, पण कोंबलेली हवा गारच होत नव्हती. गरम हवा विरळ असते, इंजिनला ती कमी पडते, आणि ड्रायव्हर म्हणतो टर्बो गेला. जाळी मागून पुढे, हलक्या हवेनं साफ करा. जोराच्या पाण्यानं पत्र्या वाकतात.

मग एअर क्लीनर. इंडिकेटर लाल झाला आहे का ते बघा. बाहेरचा फिल्टर टायरवर आपटून पुन्हा बसवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यानं कागदाच्या घड्या फाटतात आणि धूळ सरळ पंख्यावर जाते. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतोच, तो बदलायचा असतो. चोंदलेला फिल्टर आणखी एक खोड करतो: टर्बोला हवा मिळाली नाही की पंख्याच्या मागे ओढ तयार होते आणि सीलमधून ऑइल हवेच्या बाजूला खेचलं जातं. पाईपमध्ये ऑइल दिसलं म्हणून टर्बो बदलला आणि फिल्टर तोच ठेवला, तर नव्या टर्बोतही ऑइल दिसणार.

पाईप हातानं दाबून, वळवून बघा, खास करून खालची बाजू आणि क्लॅम्पखालची जागा. मग दाबाची परीक्षा. टर्बोकडून इंटरकूलर आणि इनलेट मॅनिफोल्डपर्यंतची वाट बंद करून ३० पीएसआय (दाबाचं माप) हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. १५ सेकंदांत काटा ५ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. बुचं साखळीनं बांधा आणि समोर उभे राहू नका. सुटलेलं बूच गोळीसारखं जातं.

धुराची बाजू त्या मानानं लवकर होते. मॅनिफोल्डच्या जोडांवर काजळीची काळी फराट दिसली की तिथून धूर निसटतो आहे. तेवढाच जोर टर्बोला कमी मिळतो. एक्झॉस्ट ब्रेकची पट्टी अर्धवट अडकली नाही ना, सायलेन्सर आतून कोसळला नाही ना, हे बघा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नियमातल्या) गाड्यांत काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो चोंदला तर मागचा दाब वाढतो आणि दोष टर्बोवर जातो. या गाड्यांत टर्बोच्या पात्यांची हालचाल बहुधा इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर करतो. तो हातानं ढकलून बघू नका, स्कॅनर असलेल्या माणसाला बोलवा.

ऑइलच्या बाजूला वेळ द्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो बेअरिंगवर टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: वाया जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं हवा कोंबायची. आजच्या गाडीत या सगळ्याचं आयुष्य त्या ऑइलच्या थरावर असतं. तो थर काही सेकंद तुटला तरी दांडा बेअरिंगला घासतो.

हे मला एका टिप्परनं शिकवलं. टर्बो गेला होता, मी नवा बसवला, गाडी छान चालली. आठव्या दिवशी तीच गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आली. नवा टर्बो खोलला तर दांडा निळा-जांभळा पडलेला. ऑइलच मिळालं नव्हतं. मग टर्बोला ऑइल पुरवणारा फीड पाईप काढला आणि उजेडाकडे धरला. पलीकडचा उजेड सुईच्या टोकाएवढा दिसत होता, बाकी आतून कार्बन बसलेला. पहिला टर्बोही त्यानंच गेला होता आणि मी तो पाईप जसाच्या तसा परत लावला होता. मालकाचं तोंड मला आजही आठवतं. मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात गेले होते. दुसऱ्या टर्बोचा खर्च मी अर्धा उचलला. तेव्हापासून टर्बो बदलला की फीड पाईप नवा, हा माझा नियम.

टर्बोतून ऑइल परत नेणारा रिटर्न पाईपही तितकाच महत्त्वाचा. त्यातून ऑइल दाबानं येत नाही, आपल्या वजनानं खाली उतरतं. तो वाकलेला, चेपलेला किंवा आतून चोंदलेला असेल तर ऑइल टर्बोतच साचतं आणि सीलमधून बाहेर पडतं. इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, बंद असला तरी तेच होतं. ऑइलची काडी काढून पातळी बघा. जास्त भरलेलं ऑइलही त्रास देतं. एक थेंब बोटांत चोळा. खर लागली किंवा डिझेलचा वास आला तर ऑइल तिथेच बदला.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच टर्बोच्या पंख्याला हात लावायचा, आणि तोही इंजिन बंद आणि गार असताना. हवेकडचा पाईप काढा, आत बॅटरी मारा, बोटानं पंखा सावकाश फिरवा. तो मऊ फिरला पाहिजे, कुठे अडकता कामा नये. मग दांडा बाजूला हलवून बघा. थोडा हलतो, आणि तो हलणारच, कारण बेअरिंग तरंगती असतात. इथेच पुष्कळ मिस्त्री चुकतात आणि चांगला टर्बो भंगारात काढतात. दांडा बाजूला दाबून फिरवताना पात्याचं टोक घराला घासलं तर मात्र तो गेला. पुढे-मागे ओढल्यावर बोटाला जाणवेल असा प्ले नसावा. डायल गेज लावलं तर बहुतेक टर्बोंत तो ०.१ मिमीच्या आत येतो. नक्की आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या.

पात्यांच्या कडा बघा. कडा बोथट, वाळू मारल्यासारख्या दिसल्या तर धूळ गेली आहे, फिल्टरची वाट पुन्हा तपासा. एखाद्या पात्याला खोल डाग असेल तर नट, वॉशर किंवा क्लॅम्पचा तुकडा आत गेला आहे. गरम बाजूचं पातं तुटलं असेल तर तो तुकडा इंजिनातून आला: व्हॉल्व्ह, रिंग नाहीतर नोझलचं टोक. आधी ते शोधा.

टर्बो खरंच बदलायचा ठरला तर दुरुस्त केलेला घेताना बॅलन्सिंग केल्याचा कागद मागा. नुसती बेअरिंग आणि सील बदलून रंग मारलेला टर्बो घेऊ नका. जुना काढल्यावर इंटरकूलर सोडून उलटा करा, आतलं ऑइल आणि पात्यांचे तुकडे पूर्ण काढा. बसवताना ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावू नका; त्याचा कडेला आलेला तुकडा तुटून फीडचं भोक बंद करतो. तिथे फक्त गास्केट. फीडच्या भोकातून स्वच्छ ऑइल ओता, पंखा बोटानं फिरवा, मग डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडं थोडं फिरवा. चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटं रेस न देता ठेवा आणि जोड बघत राहा.

चावी देण्याआधी ड्रायव्हरला बाजूला घ्या. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर रेस देऊ नको. भर लोडवरून आल्यावर, ढाब्यावर उतरण्याआधी तीन ते पाच मिनिटं गाडी स्लोवर ठेव. इंजिन लगेच बंद केलं की ऑइलचा पंप थांबतो, तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल भाजून त्याचा कार्बन होतो, आणि माझ्या त्या टिप्परच्या पाईपमध्ये बसला होता तो तोच कार्बन. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा तर हे चुकवूच नको. आणि चाळीस-चाळीस मिनिटं गाडी नुसती स्लोवर ठेवून एसी खात बसायचं, तेही नको. त्यानंही सीलमधून ऑइल सुटतं.

पहिली भरलेली खेप करून गाडी आली की पुन्हा बोलवा. सगळे क्लॅम्प आणि मॅनिफोल्डचे नट गार झाल्यावर परत आवळा, ऑइलची पातळी बघा, रिटर्नच्या जोडाखाली पांढरं फडकं पुसून बघा, आणि वहीत त्या दिवशीचे किलोमीटर लिहून ठेवा.